हबच्या पॅटर्नवरची धूळ

आर्थिक बातम्या वाचायला मला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी शिकवलं, आणि स्वतः ते पेपरातलं अर्थाचं पान कधी उघडत नसत. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत ते पॅटर्नचं स्टोअर सांभाळायचे. जी वस्तू लोखंडात ओतायची तिची हुबेहूब लाकडी प्रत म्हणजे पॅटर्न. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. ऑर्डर आली की पॅटर्न रॅकवरून खाली उतरायचा, काम संपलं की परत वर जायचा. आबांच्या रॅकवर ट्रकच्या चाकांचे हब होते, ब्रेक ड्रम होते, ट्रॅक्टरचे भाग होते, पंपांची केसिंग होती. आणि त्यांचा एक नियम होता, रॅकवरच्या पॅटर्नची धूळ कुणी पुसायची नाही.

मी कॉमर्सला असताना एकदा त्यांचा विसरलेला डबा द्यायला गेले, तर त्यांनी मला रॅकपुढं उभं केलं. पंपाच्या केसिंगवर बोट फिरवून मला दाखवलं. स्वच्छ. मग ट्रॅक्टरच्या पॅटर्नवर फिरवलं, तर बोट काळंकुट्ट.

"बघ. पंप चाललाय, ट्रॅक्टर बसलाय. पंधरा दिसात तुझ्या पेपरात ईल, खेड्यात पैसा न्हाय म्हणून."

तसंच छापून आलं, पण महिन्यानं. मी ते त्यांच्या नजरेला आणून दिलं, तर म्हणाले, "पेपर मुंबईवरनं येतोय न्हवं, वाटेत उशीर हुतोय." त्या स्टोअरमध्ये सागवानाचा, व्हार्निशचा आणि जळक्या वाळूचा मिळून एक वास असायचा. शिरोलीच्या बाजूनं वारा आला की मी अजून तो शोधते.

पुढं मी म्युच्युअल फंड विकायला लागले. राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेतली. दूधवाले, मास्तर, फाउंड्रीतले मोल्डर असे लोक यायचे, आणि रेपो दर वाढला म्हणजे माझं काय, असं विचारायचे. मी सांगायचे, वैरण महागली की दूध महागतं ना, तसं बँकेला पैसा महाग पडला की तुमचं कर्ज महागतं. ही वैरणीची भाषा सगळी आबांची. संध्याकाळी आम्ही दोघं टीव्हीवरच्या बाजाराच्या बातम्या बघायचो. एखादा तज्ज्ञ फार रंगात आला की आबा म्हणायचे, "ह्यो टायवाला कधी शिरोलीला येऊन गेलाय काय?" आणि आई आतून ओरडायची, "बंद करा ते, चपात्या गार हुत्यात."

आबा रिटायर झाले तेव्हा हाती आलेली रक्कम त्यांनी माझ्यापुढं ठेवली. "दोन वर्सांनी तुझ्या आईचं गुडघं करायचं हाईत. तवर ठेव कुठंतरी चांगल्या ठिकाणी."

दोन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात घालायचा नसतो, हे मी रोज दहा जणांना सांगत होते. पण बाजार जोरात होता, आणि मला आबांना चकित करायचं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात तशी गत. सगळी रक्कम मी इक्विटी फंडात टाकली. आबांनी सही केली, वाचलंसुद्धा नाही.

रिटायर झाले तरी आठवड्यातून एकदा ते फाउंड्रीत चहाला जायचेच. वर्षभरानं एका संध्याकाळी आले ते चपला न काढताच म्हणाले, "हबवर बोटभर धूळ हाय. ट्रक बसला. माझं तेवढं काढून घे."

मला हसू आलं. "आबा, फाउंड्री आजचं बघते, बाजार पुढचं बघतो. आणि एका रॅकवरनं देशाचा बाजार ठरत न्हाय." दोन्ही वाक्यं खरी होती, आजही खरी आहेत. "बरं बाई. तू शिकल्याली हाईस," आबा म्हणाले आणि चपला काढायला बाहेर गेले.

दोन महिन्यांत बाजार पडला. आबांची रक्कम मुद्दलाच्याही खाली गेली. दोन वर्षं भरत आली, डॉक्टर म्हणाले आता लांबवू नका. उरलेल्या पैशात थोडे माझे घातले असते तर ऑपरेशन झालं असतं. पण मी म्हटलं, जरा थांबू या, बाजार वर येईल. खरं सांगायचं तर तेव्हा मला आईचे गुडघे दिसतच नव्हते. आबांच्या बोटाला लागलेली धूळ खरी आणि माझा अभ्यास खोटा ठरतोय, एवढंच दिसत होतं. तोट्यात पैसे काढणं म्हणजे ते कबूल करणं. आई म्हणाली, "असू दे की. मला कुठं शर्यतीत पळायचं हाय?"

तिची थोरली बहीण, माझी मावशी, जयसिंगपूरला राहायची. खाली दुकान, वर घर, मध्ये उभा अरुंद जिना. त्याच वर्षी मावशी अंथरुणाला खिळली. आईला घेऊन गेले, तर दोन पायऱ्या चढून ती खाली बसली. मग मावशीच्या सुनेनं युक्ती काढली. मावशीला खुर्चीत बसवून गॅलरीत आणायचं, आणि आईनं खाली रस्त्यावर उभं राहायचं.

"आक्का, जेवलीस काय?"

"जेवलो की! तू?"

"आमटीभात खाऊन आलो. औषध घेतीस न्हवं?"

ही चौकशी अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. समोरचा शिंपी मशीन थांबवून ऐकायचा. भाजीवाला तर एकदा मध्येच म्हणाला, "घेत्यात वो मावशी औषध, काळजी करू नगासा." आम्ही सगळे हसलो, मीही हसले. मावशी वरून हातानं सारखी खूण करायची, वर ये, वर ये. एकदा आईनं माझ्याकडं बोट दाखवून ओरडून सांगितलं, "हिचा बाजार सुधारला की येतो, आक्का!" गल्ली पुन्हा हसली. पण लग्न होईतो एका अंथरुणात झोपलेल्या त्या दोघी, त्यांचं हळू आवाजात बोलायचं सगळं राहून जात होतं. हे मला फार उशिरा उमगलं.

दिवाळीच्या आधी मावशी गेली.

नंतरच्या काही महिन्यांत बाजार सुधारला आणि पहिल्यापेक्षाही वर गेला. मी पैसे काढले. आईचे दोन्ही गुडघे झाले, आबांना फायदाही झाला. स्टेटमेंटचा कागद त्यांनी लांब धरून वाचला आणि म्हणाले, "तुझंच खरं झालं." त्यात टोमणा नव्हता, ते मनापासून म्हणत होते. मला तिथं बसवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी विसळत राहिले.

आबांना जाऊन आता चार वर्षं झाली. माझ्या खोलीत अजून लोक येतात, कुठला फंड चांगला म्हणून विचारतात. मी आधी विचारते की पैसा लागणार कधी, आणि कुणाच्या कशासाठी. काहीजण चिडतात, म्हणतात, तुम्ही फंड सांगा की, घरच्या चौकशा कशाला? मी तरी विचारतेच.

तेव्हाची एक गोष्ट सांगायची राहिली. ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी आई म्हणाली, चल, जयसिंगपूरला जाऊन येऊ. मावशीच्या सुनेनं खालचं दार उघडलं. आई कठड्याला धरून निघाली, मी मागं, हात पुढं करून तयारीत. ती कुठंही थांबली नाही. वर पोचली, वळली आणि सगळा जिना एकदा वरपासून खालपर्यंत बघितला.

"एवढाच व्हता व्हय गं?" ती म्हणाली.