निळ्या कॅनमधलं तेल

गेल्या रविवारी आमच्या गाडीचं तेल बदललं. एवढ्याशा कामाला दिवाळीपासून होळीपर्यंत वेळ लागला...

दिवाळीच्या तोंडावर दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, पेठ वडगावात स्पेअर पार्टचं दुकान काढलं. भाऊबीजेला ताई आली ती पहिल्या मालातला एक निळा कॅन घेऊन. सिंथेटिक ऑइल... दादांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, गाडीसाठी.

दादांनी कॅन हातात घेतला. लेबल वाचलं. बघू म्हणाले आणि कपाटावर ठेवून दिला.

दादांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. गाडी जुनी, आणि तिच्यात पहिल्यापासून पिवळ्या डब्यातलं साधं तेल. सिंथेटिक पातळ असतं, जुन्या इंजिनाची सीलं गळतील, कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नाही... अशी एकेक कारणं निघत गेली.

मग विषय गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर गेला. तिथं संध्याकाळी म्हशी येतात, गवळी समोर धार काढून ग्लास हातात देतात. दादांची मंडळी रोज तिथं असतात. तेलाचा विषय तिथं जो बसला तो उठेना.

उचगावचे बापूकाका ट्रकवाले, त्यामुळं त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या मते सगळं तेल एकाच टाकीतलं, डबे तेवढे वेगळे. कुणीतरी म्हणालं, परदेशात सगळे सिंथेटिकच घालतात. बापूकाकांनी मिशीवरचा फेस पुसला.

"परदेशात रस्त्यावर म्हशी पिळत्यात व्हय?"

परदेश काढणाऱ्यानं दुसरा ग्लास मागवला...

मी नेट कॅफेत बसून माहिती छापून आणली. जुन्या इंजिनालाही हे तेल चालतं, सकाळी गाडी चालू केल्यावर इंजिनात लवकर वर चढतं, वगैरे. दादांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि नीट घडी घालून मला परत दिली.

संक्रांतीला ताई आली. कॅन कपाटावर तसाच होता. तिनं ओढणीनं त्याच्यावरची धूळ पुसली.

निघताना ती गेटपाशी माझ्याजवळ थांबली. वडगावात लोक दाजींना विचारत होते, सासऱ्यांच्या गाडीत कुठलं तेल आहे... दादांचं नाव तिथंही माहीत आहे. दाजी काहीतरी बोलून वेळ मारून नेत होते.

"दादांना आमचा भरवसा न्हाय," ताई म्हणाली. "न्हाय तर न्हाय. पण तसं सांगावं तरी."

ते माझ्या मनातून जाईना. पुढं एक दिवस वर्कशॉपमध्ये जाऊन मी दादांना सरळच विचारलं, त्या तेलात वाईट काय आहे?

दादांनी लेथ बंद केला. हात पुसले.

"तेल चांगलंच हाय. वाईट कोन म्हणतंय?"

भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी कॅन उघडून थेंब बोटांत घासून बघितला होता. मी म्हटलं, मग अडलंय कुठं?

"लेकीच्या घरचं फुकट कसं घ्यायचं रं?"

तोवर दादांनी ताईच्या घरी चहासुद्धा घेतलेला नव्हता. आमच्यात जुन्या माणसांचं तसंच असतं. पाणी पितात, तेही उंबऱ्याजवळ उभं राहून.

कॅनचे पैसे द्यावेत तर दाजी घेणार नाहीत. सासऱ्याला तेल विकलं म्हणून त्यांचेच लोक त्यांना नावं ठेवतील. आणि खरं कारण सांगावं तर ताईला परकं केल्यासारखं वाटेल. म्हणून दादांनी सगळं त्या तेलावर ढकललं होतं. सीलं, कंपनी, पातळपणा... सगळं.

ताई गेटपाशी काय म्हणाली ते मी त्यांना सांगितलं.  त्यांनी लेथ चालू केला.

त्यानंतर काही दिवस दादा घरी उशिरा यायला लागले. गेल्या रविवारी सकाळी बघतो तर गाडीची मागची सीट पाडलेली आणि आत लोखंडी अँगलचा एक स्टँड, काळा रंग दिलेला. निळा कॅन त्यांनी माझ्या हातात दिला. वडगावला जाऊया म्हणाले.

दाजी ट्रॅक्टरचं सुटं तेलही विकतात. बॅरल उभं, तेल पंपानं काढायचं, अर्धं जमिनीवर. हे दादांनी दुकानाच्या पूजेला गेल्यावर पाहून ठेवलं होतं.

"पावणं, बॅरल ह्यावर आडवं घ्या. खाली तोटी लावा. आता सांडायचं न्हाय."

दाजींनी स्टँड दोन्ही हातांनी हलवून बघितला. हलला नाही.

"ह्याचं काय द्यायचं, मामा?"

"दिलंय की दिवाळीतच. निळा कॅन."

मग दादांनी बाह्या वर केल्या. भर बाजारात, दुकानाच्या दारात, गाडीखाली घमेलं सरकवून जुनं तेल सोडलं. येणारे जाणारे थांबून बघत होते. नवं तेल त्यांनी स्वतः ओतलं... सगळ्यांना लेबल दिसेल असा कॅन धरून.

ताई चहा घेऊन बाहेर आली. दादांनी कपाकडं पाहिलं.

"स्टँडाचं तेलात फिटलं. ह्या चहाचं काय?"

ताईनं कप पुढं केला तो मागं घेतला नाही. कॅन ओतताना थोडं तेल इंजिनावर सांडलं होतं, तिकडं बघून म्हणाली, "एक नरसाळं करून द्या. मोठ्या तोंडाचं."

दादांनी चहा घेतला. खुर्चीवर बसून, सावकाश...

इंजिनाचा आवाज कमी झालाय का, मला कळत नाही. दादा म्हणतात झालाय. गंगावेशीत हल्ली ते बापूकाकांना निळ्या कॅनचे गुण सांगतात. सीलं गळत नाहीत म्हणतात.

तेलात काय असतं याचा मी एवढा अभ्यास केला, पण अडलं होतं ते तेलात नव्हतंच. मात्र त्या निमित्तानं माझे वडील लेकीच्या दारात निवांत बसलेले बघायला मिळाले. मला तेवढं पुरे आहे.

ताईनं नरसाळं एकच मागितलं होतं. काल वर्कशॉपमध्ये गेलो तर दादांनी चार करून ठेवली आहेत...