तळ्याचे चार तुकडे

इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्सला लाल पायवाटांवर कुणाचा हातमोजा पडला, की मागून येणारा तो उचलून कुंपणाच्या खुंटावर अडकवतो. हिवाळा सरेपर्यंत खुंटाखुंटावर एकेक हात वर झालेला दिसतो. आमच्या मराठी मंडळाचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. ज्याचा किस्सा तो न्यायला येत नाही, आणि मला टाकवत नाही.

मी सातवीतून शाळा सोडलेला, पुण्यात दुकानांच्या पाट्या रंगवणारा. दोन हजार पाचच्या सुमाराला मुलाकडे आलो. तळ्याकाठी आम्ही चौदा म्हातारे-म्हाताऱ्या, आपापल्या मुलांच्या घरात. सकाळी आठला घरं रिकामी, मग दिवसभर फ्रिजचा आवाज. गुरुवारी दुपारी मात्र हॉलमध्ये जमायचो. शेजारच्या लीलावहिनी एकदा म्हणाल्या, "भाऊजी, बुधवारी मी घरात एकटीच चार शब्द बोलून बघते. गुरुवारी आवाज निघायला हवा ना."

कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, मंडळाला आठवड्यात हॉलचा एकच स्लॉट द्यायचं, आणि तो तरुण मंडळींना रविवारी हवा होता, बॅडमिंटनला. पण स्लॉट बदलायला कमिटीतल्या चौघांचीही संमती लागे. मंडळाने गावाचे चार वॉर्ड पाडलेले, दर वॉर्डातून कमिटीवर एक जण. तळ्याच्या वॉर्डातून आमचा एक जण नेहमी निवडून यायचा, म्हणून गुरुवार टिकून होता.

*

अध्यक्ष मिलिंद देशमुख. नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, गोड माणूस. त्याने प्रोजेक्टरवर नवा नकाशा लावला. चार वॉर्ड, चार रंग. प्रत्येक रंग लांबून, पाच-सहा राउंडअबाउट ओलांडून येतो आणि आमच्या तळ्यात बारीक तोंड घालतो. चार पोरांनी एकाच शहाळ्यात स्ट्रॉ घातल्यासारखं.

खुर्चीत पेंगता पेंगता बघितलं तर नकाशा ढगासारखा वाटायचा. कुणाला त्यात हंस दिसला, कुणाला सासूबाईंचं नाक. आमच्यातले जोशी भूमापनातून रिटायर झालेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "आयुष्यभर जमिनी मोजल्या. असा आकार फक्त भावाभावांच्या भांडणात निघतो."

मी विचारलं, "मिलिंद, रेघ इथे अशी का वळली रे?"

"बॅलन्ससाठी करून राहिलो, काका."

"लोकांचा वळणावर बॅलन्स जातो. तुझा येतो?"

सगळे हसले. लीलावहिनी हसल्या नाहीत. त्या वर्षी आमच्यातर्फे त्याच उभ्या राहणार होत्या.

*

माझं आणि वहिनींचं घर जोडलेलं, मधे एकच भिंत. रेघ नेमकी भिंतीतून गेली. दुसऱ्या दिवशी मी कुंपणावरून कोथिंबीर मागितली.

"मागू का, वहिनी? तुम्ही हिरव्यात, मी जांभळ्यात. व्हिसा लागेल."

त्यांनी कोथिंबीर दिली आणि तिथेच उभ्या राहिल्या. तळ्यावर धुकं होतं, हंस अर्धे दिसत होते, अर्धे नव्हते.

"हिरव्यात आपले तिघं, जांभळ्यात चौघं," त्या म्हणाल्या. "आपण चौदा जण आहोत, भाऊजी, हे कागदावर दिसतच नाही."

मी कोथिंबीर घेऊन घरात आलो आणि बोटांवर चौदा नावं मोजली.

*

वाट दाखवली ती मिलिंदच्याच आईने. कुसुमताई आमच्या चौदांतल्या. चहात बिस्किट बुडवत सहज बोलून गेल्या, "मिलिंदने नियम केलाय. मतदानाआधी पंधरा दिवस जिथे मुक्काम, तिथे मत. आणि उभंही तिथूनच राहायचं."

नियम खास आमच्यासारख्यांसाठी होता. सहा महिने मुलाकडे, सहा महिने मुलीकडे, नाव लिहायचं कुठे?

जोशींनी बिस्किट खाली ठेवलं. "कुसुमताई, तुमच्याकडे पाहुणे आलेले चालतील?"

"पाहुण्यांना नाही कोण म्हणतं?"

*

धुक्यातून आम्ही निघालो. तेरा म्हातारे, तेरा चाकाच्या बॅगा, लाल वाटेवर खरखर खरखर. बदकं बाजूला झाली. आपण चालतोय की वाटच सरकतेय, कळत नव्हतं. कुत्रा फिरवणाऱ्या एका गोऱ्या बाईने विचारलं, सुट्टीला कुठे निघालात? जोशी ऐटीत म्हणाले, "यस. हाफ माइल."

सहा जण मिलिंदकडे, बाकीचे त्याच्याच वॉर्डातल्या दोन घरांत. संध्याकाळी तो ऑफिसातून आला, तर सोफ्यावर आम्ही रांगेत.

"काका, किती दिवस?"

"मतदानापर्यंत."

त्याने आईकडे बघितलं. मग टाय सैल केला आणि एअरबेड फुगवायला बसला.

आणि काय सांगू, पोराने पाहुणचार केला. सकाळचा चहा स्वतः करायचा. लीलावहिनींचा गुडघा धरला, तर रजा टाकून जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, घेऊन गेला. परतताना त्या गाडीत बोलत होत्या, उतरल्यावर बोलत होत्या, भाजी निवडताना बोलत होत्या. वार मंगळवार होता.

*

मतदान झालं. लाडवांचा रिकामा डबा हीच पेटी. मिलिंदच्या वॉर्डात चोवीस मतं, त्यातली चौदा आमची. जोशींनी मोजली, परत मोजली, चष्मा पुसून परत मोजली.

मिलिंद तेवीस. लीलावहिनी एक.

मग जोशी वहिनींपाशी गेले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, ते एक माझं." त्यांच्या पाठोपाठ दुसरा गेला, तिसरी गेली. सगळ्यांचं तेच. मीही गेलो. "ते एक माझं, वहिनी."

खरं सांगतो, नव्हतं. पंधरा दिवस त्याच्या घरचं जेवलो, ऐन वेळी हात वळला. म्हटलं, एका मताने काय होतंय, बाकीचे देतीलच की.

वहिनींनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. "ते तुमच्यातल्या कुणाचंच नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे तुमचं स्वतःचं," जोशी म्हणाले.

"नाही हो. मीसुद्धा मिलिंदलाच दिलं. गुडघ्यासाठी रजा टाकली त्याने."

सगळ्यांनी कुसुमताईंकडे पाहिलं. "मी तर आईच आहे," त्या म्हणाल्या.

मिलिंद प्रोजेक्टर बंद करत होता. कान लाल झालेले. वर न बघता म्हणाला, "नव्या कमिटीपुढे पहिला विषय हॉलच्या स्लॉटचाच येईल. स्लॉट रविवारी नेण्याला एका मेंबरची संमती नाही."

"कुणाची?" जोशींनी विचारलं.

"नाव मीटिंगच्या मिनिट्समध्ये घेत नसतात, काका," मिलिंद म्हणाला, आणि प्रोजेक्टरची वायर हातावर गुंडाळत राहिला.