सप्लायमधली सीटी

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये सुषमा भोईर टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवते. दुकान मूळचं तिच्या नवऱ्याचं, भगवंतचं. ती बेलवलीहून डबा घेऊन यायची आणि दुपारभर त्याच्या शेजारी बसून कॉइल गुंडाळायची. सोल्डरिंग करताना भगवंत पुढच्या दातांच्या फटीतून बारीक सीटी वाजवायचा. गाणं असं कुठलं नाही, नुसती वरखाली होणारी सीटी. मध्येच थांबून सोल्डरचा धूर फुंकायचा, की परत सुरू. गेल्या वर्षी कावीळ झाली आणि तो गेला.

टेबलाखाली त्यानं अर्धवट सोडलेला एक पॉवर सप्लाय होता, घरीच बनवलेला, स्विचिंगचा, म्हणजे ट्रान्झिस्टर भराभर चालू-बंद करून वीज देणारा. टीव्हीचे बोर्ड तपासायला सुषमाला तो हवाच होता. राहिलेला ट्रान्सफॉर्मर तिनं स्वतः गुंडाळला, जोडण्या पुऱ्या केल्या आणि भर दुपारी बटण दाबलं.

सप्लायमधून सीटी आली.

बारीक, वरखाली होणारी. मग थांबली. एक फुंकर मारायला लागेल तेवढीच थांबली, आणि परत सुरू झाली. सुषमाच्या मानेवर काटा आला. तिनं घाईनं बटण बंद केलं, कपॅसिटर रिकामा केला आणि ट्रान्झिस्टरला बोट लावलं. चटका बसला. सप्लायला अजून काहीच जोडलेलं नव्हतं. मग हा तापला कुणासाठी?

तिनं उष्णता ओढून घ्यायला मोठी हीटसिंक लावली, पंखा लावला. तरी ट्रान्झिस्टर जळाला. नवा घातला, तोही गेला. पार्ट विकणारा हरेश हसून म्हणाला, "भाभी, ट्रान्झिस्टर खाती हो क्या?"

दुकानात कुणी नसलं की ती सप्लाय चालू करायची. शटर अर्धं ओढून ऐकत बसायची. तापायला लागला की सीटी जड व्हायची, थकल्यासारखी. मग ती बंद करायची.

एकदा सीटी चालू असतानाच तिची मुलगी मनाली कॉलेजातून थेट दुकानात आली. शटरखालून वाकून आत येता येता म्हणाली, "पप्पा, पाणी आहे का?"

आणि जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला. तिला या सीटीबद्दल कुणीच काही सांगितलं नव्हतं.

"आई, मी आता काय बोलले?"

सुषमा उत्तर देणार, तोच ट्रान्झिस्टर फुटला. फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि गरम तुकडा मनालीच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटला.

दुसऱ्या दिवशी सुषमा सप्लाय घेऊन हरेशकडे गेली. त्यानं मीटर लावून बघितलं.

"भाभी, फ्रीक्वेन्सी कम है. म्हणून ट्रान्सफॉर्मरचा कोर भरतो आणि ट्रान्झिस्टर तापतो. हा छोटा कपॅसिटर चुकीचा लागलाय. बदल दो, सीटी माणसाच्या कानाला ऐकू येणार नाही इतकी वर जाईल."

"माहीत आहे," सुषमा म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग?"

तिनं त्याच्याकडून योग्य कपॅसिटर मागून घेतला. आधीचा कपॅसिटर भगवंतनं स्वतःच्या हातानं लावलेला होता, आणि असल्या बाबतीत तो कधी चुकत नसे.

दुकानात येऊन तिनं तो जुना उपटला. योग्य कपॅसिटर लावून बटण दाबलं. काही आवाज नाही. संध्याकाळपर्यंत सप्लाय चालला, ट्रान्झिस्टर कोमट राहिला. सुषमा पदर तोंडाला लावून रडली आणि मग कामाला लागली. साचलेले टीव्ही एकेक करून गिऱ्हाइकांकडे गेले.

पुढच्या महिन्यात गल्लीतली एक मांजर दुकानात यायला लागली. सप्लाय चालू झाला की ती टेबलावर चढते आणि कान पुढे करून त्याच्यासमोर बसते. मध्येच तिचे कान सैल पडतात. एक फुंकर मारायला लागेल तेवढाच वेळ. मग परत ताठ होतात.

"आई, काय ऐकते गं ती?" मनालीनं विचारलं. तिनं मांजरीला उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," सुषमा म्हणाली. "तिला ऐकू दे."