बाबा कुम्हारीला ज्या खुर्चीवर सापडले

भुताखेतांचं नाव आमच्या घरात काढायचं नाही, हा बाबांचा नियम. रेल्वेत गार्ड होते ते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने रात्री काढलेला माणूस, कधी कशाला घाबरला नाही. मी स्वतः शाळेत फिजिक्स शिकवते. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते असं.

आम्ही भिलाईत वैशाली नगरला राहतो — मी, माझे मिस्टर प्रकाश आणि माझे बाबा. मला जुन्या फर्निचरचं वेड आहे, त्यातही फ्रेंच प्रोव्हिन्शियल खुर्च्यांचं. म्हणजे फ्रान्सच्या गावाकडच्या सुतारांनी घडवलेल्या — बाकदार पाय, वेताची पाठ, वर कोरलेलं एखादं फूल. आमच्याकडे अस्सल खुर्ची मिळणं कठीणच. मागे रायपूरला एक जुना बंगला रिकामा होत होता, तिथे मला एक मिळाली. साफ करून, मेण लावून, फिकट निळी गादी शिवून हॉलमध्ये खिडकीपाशी ठेवली. सीटखाली छिन्नीने रोमन तीनचा आकडा कोरलेला होता. असे आकडे सेटमधल्या खुर्च्यांवर घालतात, म्हणून जोडीच्या खुर्च्या खूप शोधल्या. एकही सापडली नाही.

बाबांना हल्ली विसरायला होतं. ती खुर्ची मात्र त्यांनी लगेच आपली करून टाकली. तिथे बसून समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत हळू आवाजात बोलायचे.

"कोणाशी बोलून राहिले, बाबा?"

"बाई आहे ना. तिची खुर्ची मागंच राहिली. उभी आहे बिचारी."

डॉक्टर म्हणाले, या आजारात असे भास होतात. आम्हीही तेच धरून चाललो.

एका रविवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले, तर खुर्ची रिकामी, गेट उघडं. आधी गल्ली पाहिली, मग बगीचा, मग बाजार. बाबा कधीकधी "ड्यूटीवर जायचं आहे" म्हणायचे, म्हणून प्रकाश गाडी घेऊन दुर्ग स्टेशनला गेले. बाबा प्लॅटफॉर्मवर नव्हते. मी पोलीस चौकीत बाबांचा फोटो दिला. हायवेवरचे ट्रक डोळ्यांसमोरून जाईनात.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मैडम, एक दादाजी हमारे यहाँ बैठे हैं। जेब में आपका नंबर मिला। कुम्हारी से बोल रहा हूँ, पुराने फर्नीचर का गोडाउन है हमारा।"

कुम्हारी म्हणजे आमच्यापासून चांगलं पंधरा किलोमीटर, रायपूरच्या रस्त्यावर; असं काही गोडाउन तिथे आहे हे मला माहीतही नव्हतं. आम्ही धावतच पोहोचलो. आत, कपाटं आणि पलंगांच्या मागे, बाबा निवांत चहा पीत बसलेले! मी त्यांना मिठी मारून रडत राहिले. तेवढ्यात प्रकाश म्हणाले, "सुनीता, खुर्ची बघ."

तेच बाकदार पाय. तेच फूल. बाबांना उठवून ती उलटी केली. सीटखाली छिन्नीने कोरलेला रोमन चार.

गोडाउनवाला म्हणाला, "माल कल ही उतरा है। ये तो बोरों के नीचे थी, हमने भी नहीं देखी थी। दादाजी अकेले आए, सीधे पीछे गए, बोरे हटाए और बैठ गए।"

"बाबा, इथं कसे आले तुम्ही?"

"त्या बाईनं आणलं ना, हात धरून. तिची बोली मले काही समजे नाही. पण तिनं बोट दाखवलं, तं बसलो."

खुर्ची अर्थातच घरी आणली आणि पहिलीच्या समोर ठेवली. तेव्हापासून बाबा आपल्या खुर्चीत गप्प बसतात. कोणाशी बोलत नाहीत, बाहेर जायचं म्हणत नाहीत.

प्रकाश म्हणतात, योगायोग. कोणीतरी भल्या माणसाने बाबांना बसमध्ये बसवलं असेल, हेही मी मान्य करते... पण पोत्यांखालची खुर्ची? मी पुष्कळ डोकं चालवलं, अजूनही काही सुचत नाही. आणि खरं सांगू, आता फार शोधावंसंही वाटत नाही. त्या संध्याकाळी बाबांनी वरण-भात दोनदा मागून खाल्ला, ते बघताना दिवसभर छातीवर असलेलं ओझं उतरलं. दाराला वरच्या बाजूने एक नवी कडी मात्र त्याच दिवशी बसवून घेतली.