‘मोंढा बंद’ ही सूचना स्क्रीनबाहेर गेली

मित्रांनो, सकाळपासून फोन वाजला की आधी कुणाचा आहे ते बघतोय, मगच उचलतोय.

अहमदपूरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडतीसाठी मी शेतकऱ्यांना भाव कळवणारं ॲप बनवलंय. एरवी मी स्क्रीन कोडमध्येच लिहितो. यावेळी घाई होती, म्हणून तयार चौकटी माऊसनं ओढून-ओढून मांडली. वर सोयाबीनचा भाव, खाली सूचना. कॉम्प्युटरवर लई देखणी दिसली.

आजची सूचना होती, ‘मोंढा बंद’. तरी एक काका सोयाबीननं टेम्पो भरून मोंढ्याच्या गेटवर आले. आडतदारानं मला बोलावून घेतलं.

"भाव दिसला, निघालो. बंद हाय असं कुठं लिवलंय? तूच दाव," काका म्हणाले.

त्यांच्या फोनवर अक्षरं मोठी केलेली होती. सोयाबीनच्या भावानंच स्क्रीन भरली होती आणि सूचना खाली कापली गेली होती. कोड लिहिताना मोठ्या अक्षरांची सोय मी न चुकता करतो. ओढताना सगळं डोळ्यांसमोर नीट दिसत होतं, म्हणून सुचलंच नाही.

आता कोडच लिहून राहिलोय. पण अजून किती टेम्पो रस्त्यात असतील?

तुम्ही तुमचं काम कुणाच्या फोनवर तपासता? माझ्या आईच्या फोनवरची अक्षरं तर मीच मोठी करून दिलीत. तपासायला तिचा फोन एकदा मागायला हवा होता.