शुक्र काळा नसतो

“दिसलं तेवढं सांग, बाय. वाटलं ते नंतर.”

हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. चहा बिघडलाय असं मी म्हटलं की कॅप्टन कप खिडकीशी नेऊन धरायचे आणि सांगायचे, “वर साय आहे. रंग फिका आहे. बिघडलाय हे तू ठरवलंस.” मग तोच चहा शांतपणे पिऊन टाकायचे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

दुबईच्या करामा भागात ते आमच्या खालच्याच मजल्यावर राहायचे. शारजातल्या ज्या लहानशा मालवाहू विमान कंपनीत मी नोकरी करते, तिथेच ते वैमानिक होते. उड्डाणात काही वेगळं घडलं तर वैमानिकांनी लिहून दिलेले रिपोर्ट वाचायचे आणि वर पाठवायचे, हे माझं काम. म्हणजे घरी शेजार आणि ऑफिसातही गाठ. सुटका कुठेच नव्हती.

मूळचे वसईचे. सुट्टीहून आले की ऑफिसात सगळ्यांना सुकेळी, म्हणजे तिकडची वाळवलेली केळी, वाटायचे. एकदा भाचीचं लग्न लावून परतले, तेव्हा मी मोठ्या उत्साहानं विचारलं, “नवरा मुलगा कसा आहे?” त्यांनी आठवून सांगितलं, “उंच आहे. डाव्या हाताने जेवतो. चर्चमध्ये दोनदा घड्याळ बघितलं.” त्यांच्या बायकोने, आमच्या आंटींनी, कपाळावर हात मारून घेतला.

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट मध्यंतरी तिसऱ्या मजल्यावर आपोआप थांबायला लागली. वॉचमनने भूत ठरवून टाकलं, बायकांनी जिना धरला. कॅप्टन एका सकाळी तिसऱ्या मजल्यावर खुर्ची टाकून बसले आणि खाली येऊन म्हणाले, “दार उघडतं. आत कोणी नसतं. बाहेर कोणी उभं नसतं. मग दार बंद होतं.” लोकांची भीती जाईल या आशेने आम्ही त्यांना बसवलं होतं. झालं उलटंच. आंटीसुद्धा महिनाभर जिन्याने गेल्या.

त्यांचा पहिला रिपोर्ट माझ्या टेबलावर आला, तेव्हा मला हे सगळं आठवून हसू आलं होतं. वाचत गेले तसं हसू मावळलं.

आमचं एक विमान पहाटे शारजाहून निघून पूर्वेकडे जातं. खोर फक्कान बंदराच्या क्रेनांवरचे दिवे मागे पडले की खाली नुसता समुद्र. तिथे, उजाडताना, कॅप्टनना आपल्याच उंचीवर डाव्या बाजूला एक काळी वस्तू दिसली होती. दिवा नाही, पंख नाहीत, धूर नाही. रडारवर काही नाही. त्यांनी वेग कमी केला, अंतर तेवढंच राहिलं. वाढवला, तरी तेवढंच. ऊन वर आल्यावर ती दिसेनाशी झाली. त्यांनी एवढंच लिहिलं होतं, एक शब्द जास्त नाही.

आमच्या ऑपरेशन्स मॅनेजरने ते वाचलं आणि कॅप्टनना केबिनमध्ये बोलावलं. मीही तिथे होते.

“कॅप्टन, छोड दो ना. व्हीनस होगा. पहाटे व्हीनसच दिसतो. तेच लिहा, खलास!”

“शुक्र मी लहानपणापासून बघतोय,” कॅप्टन म्हणाले. “शुक्र काळा नसतो.”

“पण लोक काय म्हणतील? एवढ्या सीनियर माणसाने यूएफओ रिपोर्ट करायचं?”

“ते नाव मी लिहिलेलं नाही. तुम्ही घेतलंत.”

घरी आंटींनी माझ्याकडे तक्रार केली. निवृत्तीला थोडाच अवधी उरला होता. या माणसाला उडण्याशिवाय दुसरं काही येत नाही, आवडतही नाही. वेडा ठरवून खाली बसवलं तर हा घरात जगायचा कसा, ही त्यांची काळजी. त्यांची मुलगी आतून ओरडली, “पपा, प्लीज! जस्ट से इट वॉज अ बलून!” मीही आंटींचीच बाजू घेतली. सगळ्या बायका एकीकडे आणि समोर हा गप्प माणूस, टॉवेलने चष्मा पुसत.

“मला ज्यांनी उडायला शिकवलं ना, बाय,” ते म्हणाले, “ते महायुद्धानंतरच्या वर्षांत डाकोटा विमानं उडवायचे. त्या काळी असल्या गोष्टी बऱ्याच वैमानिकांना दिसायच्या. माझ्या मास्तरांना एकदा दिसली. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर त्यांच्या मित्राला दिसली. लोक हसतील म्हणून दोघेही गप्प बसले. मग त्या वाटेवर एक नवा वैमानिक गेला. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. रेडिओवर तो एवढंच म्हणाला की समोर काहीतरी आहे. त्याचं विमान काही परत आलं नाही.”

“त्या वस्तूने पाडलं?” मी विचारलं.

“ते कोणी बघितलं नाही. मास्तरांचं म्हणणं, तो दचकला असणार. दचकला की माणूस विमान जोरात वळवतो. म्हणून मी लिहितो. मला काय म्हणायचं ते म्हणू देत. पुढच्याला आधी माहीत असलं पाहिजे.”

त्यावर आंटी उठून चहा टाकायला गेल्या.

दुसऱ्यांदा ती वस्तू दिसली तेव्हा शेजारी पुण्याचा एक तरुण को-पायलट बसला होता. हुशार, मनमिळाऊ, मला ताई म्हणणारा. या वेळी ती पहिल्यापेक्षा जवळ होती. त्या मुलाचा हात झटकन कंट्रोलवर गेला, कॅप्टननी त्यावर आपला हात ठेवला आणि म्हणाले, “वळवायचं नाही. नुसतं बघ.” उतरल्यावर हे मला त्या मुलानेच सांगितलं. माझ्या टेबलाशी उभा राहून, पांढराफटक पडलेला, पाण्याचे दोन ग्लास एकामागून एक रिकामे करत.

कॅप्टननी रिपोर्ट लिहिला आणि सहवैमानिकानेही वस्तू पाहिल्याचं त्यात नोंदवलं. या वेळी प्रकरण वर गेलं आणि चौकशी लागली. मी टिपणं घ्यायला बसले होते. को-पायलटला विचारलं गेलं. तो टेबलाकडे बघत राहिला.

“आय डिडन्ट सी एनिथिंग, सर.”

माझं पेन थांबलं. खोलीत सगळे कॅप्टनकडे वळले. आता हे भडकणार, असं मला वाटलं. भडकावं, असंही वाटलं.

“लिही, बाय,” ते मला म्हणाले. “त्याला दिसलं नाही. तो जे सांगतोय तेच लिही.”

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी मात्र फुटले. “खोटारडा! माझ्यासमोर थरथरत होता तो! मी आत जाऊन सांगते.”

“तुला त्यानं सांगितलं. तू वर नव्हतीस,” कॅप्टन म्हणाले. “आणि त्यानं मान खाली घातली एवढंच आपल्याला दिसलं. खोटारडा हे तू ठरवलंस.” मग जरा थांबून म्हणाले, “घाबरलंय गं पोर. सगळी नोकरी व्हायचीय त्याची.”

कॅप्टनना डॉक्टरांकडे पाठवलं. डोळे, कान, डोकं, सगळं ठणठणीत निघालं. तरीही ड्युटीच्या रोस्टरवर त्यांच्या नावापुढे ‘रेस्ट’, म्हणजे उड्डाण बंद, असं आलं आणि ते तिथून हललं नाही. एवढा ताठ माणूस, पण रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनची वाट बघत बसायचा.

एका रविवारी त्यांनी आंटींना आणि मला गाडीत घालून खोर फक्कानला नेलं. पिकनिक म्हणून. आम्ही वाळूत चटई पसरली, आंटींनी डबे उघडले. कॅप्टन पाण्याच्या कडेला पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले ते राहिलेच. आंटींनी दोनदा हाक मारली. शेवटी मी बोलवायला गेले.

“दिसतंय का काही?” मी चेष्टेत विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. मी त्यांच्या नजरेच्या रोखाने बघितलं. नांगरलेली जहाजं होती, पांढरं ऊन होतं. मला दुसरं काही दिसलं नाही. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी पुन्हा विचारायला धजले नाही. इतकी वर्षं ज्यांनी दिसलेलं काही लपवलं नाही, ते त्या दिवशी माझ्यापासून काहीतरी लपवत होते, असं मला आजही वाटतं. वाटतं एवढंच म्हणते. जेवताना ते फक्त म्हणाले, “आंब्याचं लोणचं छान आहे.” आंटी चमकून माझ्याकडे बघायला लागल्या. छान हा शब्द कॅप्टनच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नव्हता.

पुढे ते वसईला परत गेले. एका सकाळी चर्चला निघताना बूट घालायला बसले आणि तिथेच गेले. आंटींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तसा शेजारी मला पुन्हा मिळायचा नाही.

ही बातमी ऑफिसात फारशी कोणाला कळली नाही. त्यामुळे परवा तो पुण्याचा मुलगा माझ्या टेबलाशी आला, तेव्हा त्यालाही माहीत नव्हती. एव्हाना तो स्वतः कॅप्टन झालाय. पहाटेचं विमान नेऊन परत आला होता. टोपी हातात.

“ताई, सरांचा वसईचा नंबर आहे ना तुमच्याकडे? लावा ना जरा.”

“काय झालं?”

“आज ते बाजूला नव्हतं, ताई. समोर होतं. मी वळवलं नाही. सरांनी सांगितलं होतं म्हणून वळवलं नाही. ते मला सरांना सांगायचंय.”

मला सांगावं लागलं. तो खुर्चीत बसला. बराच वेळ टोपी फिरवत राहिला.

“मग आता कोणाला सांगू?” तो म्हणाला.

मी रिपोर्टचं पान त्याच्या पुढे उघडलं. तो लिहायला लागला. काळी वस्तू. दिवा नाही. पंख नाहीत. सहवैमानिकाच्या रकान्याशी येऊन त्याचा हात थांबला.

“तुझ्या शेजारचा तो नवा मुलगा काय म्हणतो?” मी विचारलं.

“त्याला काही दिसलं नाही म्हणतो.”

त्याने तसंच लिहिलं आणि सही केली. त्याच्या नावापुढे आता ‘रेस्ट’ आहे. पहाटेच्या विमानाला वैमानिक कमी पडायला नकोत म्हणून त्या नव्या मुलाला घाईघाईने त्याच वाटेवर कायम केलंय. उद्याही तोच जाणार आहे, आणि ‘वळवायचं नाही’ म्हणणारं शेजारी कोणी नसेल.