गायत्रीचं न भरलेलं वर्ष

वेल्ह्याच्या एसटी स्टँडसमोर माझं मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. सकाळच्या गाडीने नसरापूरकडे कामाला जाणारी पोरंपोरी माझ्याच फळीवर टेकतात. त्यात गायत्री सगळ्यात बोलकी. नसरापूरच्या पुढे एका कारखान्यात ती ठेकेदारामार्फत पॅकिंगला होती.

बजेटमध्ये इन्कम टॅक्स कमी झाला, तेव्हा टीव्हीवरची माणसं तरुण नोकरदारांचं अभिनंदन करत सुटली होती. गायत्री खो खो हसली. "सोमनाथकाका, माजा टॅक्स लई वाचला बगा!" अहो, तिचा पगार गॅस, किराणा आणि एसटीच्या भाड्यालाच पुरत नव्हता, टॅक्सला कुठून उरणार?

पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्यांसाठी सरकारची एक योजनाही होती, आणि गायत्रीची ही पहिलीच नोकरी. सहा महिने टिकलात की एक हप्ता, एकाच ठिकाणी वर्ष भरलं की दुसरा. गायत्रीने तिचा जो उपयोग केला, तो सरकारच्या डोक्यातही आला नसेल. तिची आई, लीलाबाई, लग्नासाठी हात धुऊन मागे लागली होती. गायत्री म्हणाली, "वर्स भरू दे, दुसरा हप्ता येऊ दे, मंग बोल." वर्ष भरलं की आपल्याला कायम करतील आणि आई आपोआप गप्प बसेल, असा तिचा डाव. कामाला लागली होती धम्मचक्र दिनाच्या दुसऱ्या दिवशी. म्हणून पुढच्या धम्मचक्र दिनापर्यंत लग्नाचा विषय काढणार नाही, असं लीलाबाईंनी विहारात चारचौघींसमोर कबूल केलं. पहिला हप्ता आला तेव्हा माझ्या काउंटरवर पेढे ठेवून गेल्या.

आणि वर्ष भरायच्या जरा आधी ठेकेदाराने गायत्रीला ब्रेक दिला.

ब्रेक म्हणजे काय ते आमच्या भागातलं कुठलंही पोर सांगेल. काही दिवस घरी बसायचं. मग बोलावणं येतं. तेच मशीन, तेच स्टूल, फक्त ओळखपत्रावर ठेकेदार दुसरा, आणि हा दुसरा बहुतेक पहिल्याचा मेहुणा असतो. कागदावर तुम्ही काल आलेले. ज्याने ही शक्कल काढली त्याला भर उन्हात बिनपाण्याचा तोरणा चढवला पाहिजे. गायत्रीने घरी सांगितलं, कंपनीत मशीनची दुरुस्ती चालली आहे. आईने विश्वास ठेवला.

धम्मचक्र दिन झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाई लेकीबरोबर स्टँडवर आल्या. खुशीत होत्या. लेकीचा मोबाईल माझ्या हातात देत म्हणाल्या, "भाऊ, हप्ता आला का बगा बरं. रविवारी कापूरहोळचं पाव्हणं येत्यात हिला बगायला."

सरकारी पैसे उशिरा येतात, असं मी सांगणार होतो. त्या खोट्याने गायत्रीला महिनाभर तरी मिळाला असता. पण गायत्रीच बोलली. "न्हाई येनार, आये. मला ब्रेक दिलाय. म्या परत नवी लागले. वर्स भरलंच न्हाई."

तिच्या तोंडावर मला आशा दिसली. वर्ष भरलं नाही म्हणजे आईशी ठरलेली मुदतही संपली नाही, असं तिला वाटलं असणार.

लीलाबाईंनी विचारलं, "पुन्हा वर्स भरत आलं की पुन्हा काडतील?"





"काडतील."

"मंग म्या कोनत्या वर्साची वाट बगू, बाई?"

त्या चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. "येऊ देत त्यांना रविवारी," त्या म्हणाल्या.

गाडी लागली. गायत्रीचे डोळे भरले होते. लीलाबाईंनी तिचा हात धरला. "आज नगं जाऊ. घरी चल."

गायत्रीने हात सोडवला, माझ्याकडून मोबाईल घेतला आणि गाडीकडे पळता पळता म्हणाली, "न्हाई आये, नव्या पोरींना खाडा चालत न्हाई."